रोडावलेला समुद्रमासा

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाहीं. तेथील काचपेटींतल्या समुद्रमाशाला खारें पाणीही माणसानेंच करून द्यावें लागतें. त्याला स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं, समुद्राचे सारे क्षार असलेलें मिश्रणच लागतें. अशा माशाचें पोट खपाटीला गेलें, म्हणजे पाळणारा घाबरून मूठभर अन्न टाकतो. ही माया घातक होय. उरलेलें अन्न कुजून अमोनिया होतो आणि अशक्त मासा त्या विषानेंच मरतो.

प्रथम दांडगा सोबती वेगळा करावा. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास स्थिर राखावें. मग सोललेली कोळंबी बारीक चिरून दिवसांतून तीन-चार वेळां, दोन मिनिटांत संपेल इतकीच द्यावी. शाकाहारी जातीला समुद्रशेवाळ घालावें. भरपूर खाऊनही मासा रोडच राहिला, तर पोटांत कृमि असण्याचा संभव असतो. तेथें जादा अन्न नव्हे, औषध हवें. पोट भरून दिसावयास आठवडे लागतात. तोंवर धीर धरणें हीच खरी शुश्रूषा.