परभाषेतील शिवी

घरात मराठी अपशब्द कधीही न उच्चारणारा सुसंस्कृत गृहस्थ हातातून काही निसटताच सहज 'शिट्' म्हणून जातो. त्याच शब्दाचा मराठी अर्थ मात्र चारचौघांत त्याच्या ओठांवर येत नाही. असे का व्हावे?

मातृभाषेतील अपशब्द बालपणीच आईच्या दटावणीसह मनात रुजतो. परभाषेतील शब्द पुस्तकातून वा चित्रपटातून येतो. बोस्टन विद्यापीठाच्या कॅथरीन हॅरिस व सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तुर्की मातृभाषिकांच्या त्वचेतील विद्युत्-प्रतिसाद मोजले होते. बालपणीची दटावणी तुर्कीत ऐकताना उमटलेला प्रतिसाद इंग्रजीत क्षीण झाला. बहुभाषकांच्या पाहणीनंतर २००४ साली ज्याँ-मार्क देवाल यांनीही मातृभाषेतील शिवीच सर्वसाधारणपणे अधिक धारदार वाटते, असे नोंदविले.

म्हणूनच परकी शिवी बोलणाऱ्याला बोथट भासते. परंतु ऐकणाऱ्याचे काय? इंग्रजीतच खेळत-शिकत वाढणाऱ्या नातवाला तो शब्द परका उरलेला नसतो. आजोबांना हलका वाटणारा शब्द नातवाच्या जिव्हारी लागू शकतो. शब्दाचे वजन ऐकणाऱ्याच्या मनावरून जोखणे, हाच वाणीचा खरा संयम होय.