घरची कोंबडी, जुनी भांडी आणि स्वच्छ मांस
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवणारा, म्हणजे पिकांचा माणूस. मग कोंबडीवर का बोलतो, असे तुम्हाला वाटेल. कारण सोपे आहे. नागपूर जिल्ह्यात संत्रा, कापूस, सोयाबीन करणाऱ्या अनेक घरांमागे खुराडे असते. आखाडात, धुळवडीला किंवा पाहुणा आला की त्यातली एखादी कोंबडी कापली जाते. हे काम आपण वाडवडिलांचे पाहून करतो. त्यातले बरेचसे चांगले आहे, पण दोन-चार गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. त्यासाठी नवे यंत्र घ्यायची गरज नाही. घरातल्या जुन्या वस्तूंवर काम भागते, फक्त कोणती वस्तू वापरावी आणि कोणती वापरू नये हे कळले पाहिजे.

पहिली गोष्ट, कोणती कोंबडी कापावी? निरोगी असेल तीच. गावात मर लागली, कोंबड्या माना वाकड्या करू लागल्या की 'मरण्याआधी कापून घेऊ' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हे कधीही करू नका. ती मानमोडी असेल किंवा बर्ड फ्लूही असेल. नुसते पाहून आपल्याला ते ओळखता येत नाही. भारतात बर्ड फ्लू प्रथम आढळला तो आपल्याच राज्यात, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर भागात. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातील गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. तपासणीत त्यांना याच रोगाची बाधा झाल्याचे निघाले. वाघाला जो रोग लोळवतो, त्याच्याशी आपण उघड्या हातांनी खेळू नये. नीट शिजवलेल्या मांसापेक्षा आजारी पक्षी हाताळण्यात, कापण्यात आणि पिसे उपटण्यात धोका अधिक असतो, आणि हे काम बहुधा घरातल्या बायका करतात, भोवती लेकरे बसलेली असतात. मर दिसली की पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेला पक्षी उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका.

दुसरी गोष्ट, आदल्या रात्रीची तयारी. कापायच्या कोंबडीला आठ ते बारा तास दाणा देऊ नका, पाणी मात्र ठेवा. गळ्याची थैली आणि आतडी रिकामी असली की साफ करताना घाण मांसाला लागत नाही. औषध दिले असेल तर वेष्टनावर लिहिलेले दिवस पुरे झाल्याशिवाय कापू नका. काम भल्या पहाटे करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहा वाजले की मांस आणि माशी दोन्ही थांबत नाहीत.

आता हत्यारे. जुनी सुरी चालते, बोथट सुरी चालत नाही. बोथट पात्याने कोंबडीचे हाल होतात आणि आपले बोटही कापते. गंज कानशीने काढा, दगडावर धार लावा, उकळते पाणी ओता. कोंबडी फडफडू नये म्हणून तेलाच्या रिकाम्या १५ किलोच्या डब्याचा पत्रा कापून तिफणीच्या चाड्याच्या घाटाचे नरसाळे करा. वरचे तोंड सुमारे वीतभर रुंद, खालचे चार-पाच बोटे, कडा आत वळवून ठोकलेल्या. ते मेढीला ठोका आणि कोंबडी डोके खाली करून त्यात सोडा. पंख आवळलेले राहतात, ती लवकर शांत होते आणि पंखांची हाडे मोडत नाहीत. आपापल्या रीतीप्रमाणे एकाच स्वच्छ घावात काम करा आणि दोन-तीन मिनिटे रक्त निथळू द्या. हालचाल पूर्ण थांबल्याशिवाय गरम पाण्यात बुडवू नका. ते क्रौर्य तर आहेच, शिवाय मांसही बिघडते.

पिसे काढताना सर्वांत मोठी चूक होते ती पाण्याची. आपण खळखळते पाणी ओततो. त्याने कातडी शिजते, पिसासोबत फाटून येते, आणि फाटलेल्या जागेतून घाण मांसात शिरते. पाणी हवे सुमारे ६० अंश सेल्सिअस. घरी तापमापक नसतो, म्हणून हिशेब लक्षात ठेवा. हिवाळ्यात पाच लिटर उकळते पाणी आणि पाच लिटर साधे पाणी एकत्र केले की ६० अंशांच्या जवळ येते. उन्हाळ्यात साधे पाणीच कोमट असते, म्हणून ते लिटरभर जास्त घाला. पाय धरून कोंबडी बुडवा आणि वरखाली हलवा, म्हणजे पाणी पिसांच्या मुळाशी पोचते. साधारण एक मिनिट पुरते, जून कोंबड्याला थोडे अधिक. पंखाचे मोठे पीस सहज निघाले की बाहेर काढा. आधी पंख व शेपटी, मग अंग. तीन-चार कोंबड्यांनंतर पाणी बदला. पिसे काढणारे रबरी बोटांचे यंत्र विक्रेत्याला उपयोगी आहे, घरच्या दोन कोंबड्यांना दोन हात पुरेत.

उरलेली लव जाळायला तुराटीचा किंवा कोरड्या गवताचा जाळ चांगला. रॉकेल, प्लास्टिक किंवा टायरचा तुकडा त्यात टाकू नका, त्याचा धूर मांसाला चिकटतो.

आता मी ज्यासाठी मुद्दाम उभा राहिलो ती गोष्ट. पाणी तापवायला अंगणातला जुना तांब्याचा बंब चालेल, ॲल्युमिनियमचा गंज चालेल, लोखंडी घमेले चालेल. कीटकनाशकाचा डबा, ड्रम किंवा कॅन कितीही धुतला तरी चालणार नाही. तसेच बियाण्याच्या रिकाम्या पोत्यावर कोंबडी ठेवू नका, त्या पोत्याला बुरशीनाशकाची पूड असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. शेतातले विष आपणच डब्यातून स्वयंपाकघरात आणू नये. रिकामा डबा भोक पाडून निकामी करा. घरात चांगला डबा दिसला की कोणीतरी वापरतेच.

पोट उघडताना चीर लहान द्या, आतडी अखंड बाहेर काढा, पित्ताची पिशवी फोडू नका. शेपटीवरची तेलाची गाठ कापून टाका. लाकडी ठोकळ्याला भेगा असतील तर तासून, मीठ चोळून उन्हात वाळवा. मांस स्वच्छ गार पाण्यात धुवा, पण शिंतोडे उडवू नका. त्याच पाटावर, त्याच सुरीने कांदा-कोथिंबीर चिरू नका. लगेच शिजवायचे नसेल तर बर्फाच्या पाण्यात थंड करून फ्रिजमध्ये ठेवा. गावरान मांस काही तास थंडीत राहिले की मऊही पडते. शिजवताना हाडाजवळचा भाग लाल राहता कामा नये. आपला सावजी रस्सा कितीही तिखट असला तरी तिखटाने जंतू मरत नाहीत, उकळीने मरतात.

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. दोन किलोच्या कोंबडीतून पिसे, रक्त, आतडी मिळून अर्धा किलोहून अधिक टाकाऊ भाग निघतो. तो उघड्यावर पडला की कुत्री चटावतात, तीच पुढे खुराड्यावर आणि शेळीच्या पिलांवर जातात. खरे तर रक्त आणि पिसे दोन्हींत नत्र भरपूर असते. वाळल्या पिसांत ते सुमारे १५ टक्के असते, फक्त सावकाश सुटते. विहिरीपासून ३० मीटर तरी दूर मीटरभर खोल खड्डा घ्या. तळाशी वीतभर सोयाबीनचे कुटार, त्यावर टाकाऊ भाग, शेणकाला आणि पुन्हा दीड वीत कुटार. वर काटेरी फांद्या आणि दगड ठेवा. सहा महिन्यांनी, सर्व कुजल्याची खात्री करून, ते खत संत्र्याच्या झाडांना द्या. कच्ची खायच्या पालेभाजीला देऊ नका. रोगाने मेलेली कोंबडी या खड्ड्यात घालायची नाही, तिची विल्हेवाट पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच लावायची.

बचत गटाच्या भगिनींना एक सूचना. घरी खाण्यापुरते हे ठीक आहे. मांस विकायचे असेल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.

थोडक्यात, कोंबडी निरोगी, पाते धारदार, पाणी खळखळते नको, भांडे विषाचे नको आणि घाण खड्ड्यात. एवढे पाळले तर आजीच्या बंबावरही कोंबडी स्वच्छ निघते. घरी गेल्यावर पहिले काम एकच करा. न्हाणीघरात, गोठ्यात, चुलीजवळ फवारणीचा एखादा डबा पाणी भरायला ठेवला आहे का ते बघा, आणि असेल तर तो आजच बाहेर काढा.