सिमेंटचा पत्रा आणि घरातली धूळ

आज आपण डोक्यावरच्या छपराबद्दल बोलूया.

आपल्याकडे कौलं उतरवून कितीतरी घरांवर सिमेंटचे पत्रे आले. दर वर्षी कौलं चाळायची कटकट गेली, माकडांचा त्रास कमी झाला. राखाडी, नागमोडी पत्रा आता घरावर, गोठ्यावर, न्हाणीवर सगळीकडे दिसतो. या पत्र्यात सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. पत्रा अखंड आहे तोवर ते सिमेंटात घट्ट बसून राहतात. पत्रा फुटला, कापला किंवा घासला की डोळ्यांना न दिसणारे बारीक तंतू धुळीबरोबर उडतात आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात.

बैठकीत हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "इतकी वर्षं याच पत्र्याखाली राहतोय, काय झालं?" प्रश्न रास्त आहे. चांगल्या पत्र्याखाली नुसतं राहण्यात धोका फार कमी. खरा धोका धुळीचा. आणि त्यातून होणारा आजार लगेच दिसत नाही, बऱ्याचदा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. दम लागतो, फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कॅन्सर होतो. ॲस्बेस्टॉसमुळे बायकांना अंडाशयाचाही कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बिडी ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो. पन्नासहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्या देशात मात्र ते बाहेरून येतं आणि त्याचे पत्रे अजून बनतात.

हा विषय बायकांचा का? पत्रा गडीमाणूस फोडतो, पण खालचा चुरा आपण झाडतो. त्याचे धुळीचे कपडे आपण झटकतो आणि धुतो. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातल्या कामगारांचे कपडे फक्त घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याचं परदेशात दिसलं आहे.

मग करायचं काय? घाबरून, कर्ज काढून चांगले पत्रे उतरवू नका. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नका. पत्र्याला भोक पाडू नका, करवत लावू नका. पत्रा बदलायचाच असेल तर आधी पाण्याने भिजवा, हुक सोडवून अख्खा उतरवा, वरून टाकू नका. लेकरांना लांब ठेवा. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क लावावा, नुसता रुमाल पुरत नाही. चुरा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं चुऱ्यासकट पिशवीत बांधा. कामाचे कपडे न झटकता पाण्यात बुडवा, वेगळे धुवा.

फुटके तुकडे चुलीच्या आडोशाला, खुराड्याला लावू नका, रस्त्याच्या खड्ड्यात कुटून भरू नका. जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा आणि ते कुठे टाकायचे हे ग्रामपंचायतीला विचारा. एकटीने विचारलं तर उत्तर मिळायला वेळ लागेल, गटाने अर्ज दिला तर ग्रामसभेत विषय घेता येईल.

पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून सिमेंटचा प्रत्येक जुना पत्रा त्यातलाच समजून चला.

मृगाआधी छपरांची डागडुजी सुरू होते. त्याच्या आधीच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढंच विचारा: कुणाच्या घरचा पत्रा फुटलाय, आणि तो कोण, कसा काढणार आहे?