पत्र्याची घडी आणि इंजिनाची थरथर

जुन्या गाडीवरचा डायनामो काढून ऑल्टरनेटर चढवणं हे गॅरेजमधलं ओळखीचं काम आहे. अडचण एवढीच, की डायनामोचे कान जिथे येतात तिथे ऑल्टरनेटरचे येत नाहीत. मधे एक ब्रॅकेट घडवावं लागतं. पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो पत्र्यावर आखून, करवत, कानस आणि शिकंजा एवढ्या हत्यारांत ते घरीही होतं. पण कच्चा माल निवडताना बहुतेकांचा हात जाड पट्टीकडे जातो. तीन मिलिमीटरच्या पत्र्याबद्दल धाकधूक वाटते, सहाची पट्टी हाती आली की जीव भांड्यात पडतो. हा दिलासा फसवा आहे असं माझं म्हणणं आहे. ब्रॅकेट टिकतं ते मुख्यतः त्याच्या आकारावर. जाडीचा नंबर त्यानंतर लागतो.

हिशेब मांडून पाहू. 40 मिलिमीटर रुंद, 3 मिलिमीटर जाड सपाट पट्टी घ्या. जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट होतं आणि वाकण्याला होणारा विरोध आठपट. आठपट ऐकायला बरं वाटतं. आता जाडी तीनच ठेवून पट्टीचे दोन्ही काठ 20 मिलिमीटर उंचीचे उभे वळवा. वजन दुपटीहूनही थोडं कमी भरतं, पण विरोध जवळजवळ नव्वदपट होतो. कोकणातल्या छपरावरचा पन्हळी पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, तरी आधार धरून पाय टाकणाऱ्या माणसाला तो पेलतो, तो याच हिशेबावर. आता कोणी म्हणेल, ऑल्टरनेटरचं वजन ते किती? चार-पाच किलो! त्याला नव्वदपट ताठरपणा हवा कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि वजनापुरतं बोलायचं तर सपाट पट्टीही पुरते. पाच किलोंचा भार इंजिनापासून 75 मिलिमीटर बाहेर लटकवला तर ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी लवेल. पण इंजिन काही देव्हाऱ्यासारखं स्थिर नसतं.

चार सिलिंडरचं सरळ रांगेतलं इंजिन एका फेऱ्यात दोनदा जोरानं थरथरतं. मिनिटाला 800 फेऱ्यांवर ही थरथर सेकंदाला सुमारे 27 वेळा होते, आणि 6000 फेऱ्यांवर 200 वेळा. तीच सपाट पट्टी, तोच पाच किलोंचा भार घेतला, तर तिची स्वतःची झुलण्याची गती निघते सेकंदाला सुमारे 25. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असतानाच ती इंजिनाच्या तालावर नाचायला लागणार. सहाची पट्टी लावली की ही गती सत्तरवर जाते, आणि सत्तर म्हणजे इंजिनाचे 2100 फेरे: शहरात गाडी दिवसभर चालते ती नेमकी तिथेच! काठ वळवलेल्या पत्र्याची गती कागदावर 230च्या पुढे निघते. बोल्टच्या सांध्यांत त्यातली काही गळते, वरच्या ताणपट्टीमुळे काही परत मिळते; पण इंजिनाच्या नेहमीच्या टप्प्याबाहेर ती राहते हे महत्त्वाचं. सेकंदाला सत्तर झोके म्हणजे चार तासांत दहा लाख. प्रशियात आउगुस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात जो ताण लोखंड सहज सोसतं, तोच लाखो वेळा आला की त्याला तडा जातो.

'आमचा जाड अँगल वर्षानुवर्षं चालतोय की' हे उत्तर नेहमी मिळतं. चालत असेलही. कुठे मधे आधाराची तिरपी पट्टी असेल, कुठे भार इंजिनाच्या अगदी जवळ असेल. पण जाड अँगल स्वतः तुटत नाही एवढ्यावर निकाल देऊ नये. थरथर कुठेतरी जिरणारच. अँगल शाबूत राहतो आणि बोल्ट सैल होतात, किंवा ब्लॉकचा बिडाचा कान मोडतो. बीड वाकत नाही, सरळ तुटतं. पत्र्याचं ब्रॅकेट शंभर वेळा नव्यानं करता येईल, ब्लॉकचा कान नाही.

घडीतच तडा जाईल, ही भीती मात्र खरी आहे. हातोडीनं धारदार कोपरा काढला तर तो जाणारच. म्हणून वळणाची आतली गोलाई निदान पत्र्याच्या जाडीइतकी ठेवावी, शिकंज्याच्या जबड्यावर गोल कडेचा तुकडा धरून वळवावं. दोन घड्या जिथे भेटतात तिथे आधी भोक पाडावं, आणि कापलेली कड कानशीनं गुळगुळीत करावी, कारण तडा बहुधा करवतीच्या खाचेतूनच सुरू होतो. वेल्डिंग करायचंच तर ते जिथे वाक सर्वांत जास्त, तिथे नको. उंची पोलादाचा पत्रा आणला तरी वेल्डिंगच्या कडेला त्याचा फायदा फारसा उरत नाही.

एक मर्यादा सांगायलाच हवी. हे सगळं इंजिनावरच बसणाऱ्या जोडकामाबद्दल आहे. 1931 साली प्लिमथ गाडीत क्रायस्लरनं इंजिन रबरावर तरंगतं ठेवलं, आणि पुढे ती पद्धत सर्वत्र रुळली. त्यामुळे इंजिन आणि चासी एकमेकांच्या तालात हलत नाहीत. ब्रॅकेटचा एक पाय इंजिनावर आणि दुसरा चासीवर ठेवला तर कुठलीही घडी त्याला वाचवणार नाही. खुद्द इंजिन पेलणारं माउंटिंग घरी करू नये, हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. तिथे चूक झाली तर नुसती बॅटरी उतरत नाही, इंजिन खाली बसतं. ऑल्टरनेटरचं ब्रॅकेट मात्र चुकलं तर आधी सांगतं: पट्टा चिरकतो, घडीजवळचा रंग केसासारखा फाटतो, वायसरभोवती तांबूस भुकटी दिसते. ती दिसली की नुसता पान्हा फिरवून भागत नाही. ब्रॅकेट उतरवून घडीची उंची वाढवावी लागते.