आधी माणूस, मग पार्सल



बोईसर–चिल्हार रस्ता, बेटेगावचा परिसर.
कंटेनरच्या रांगेतून तुमची डिलिव्हरीची बाईक चाललीय…
आणि धक्का लागला.

पार्सल राहू द्या.
आधी माणूस बघा.
जखमी कोणीही असो, १०८ ला फोन करा.
पोलिसांसाठी ११२.

जमाव अंगावर आला, तर बाजूला व्हा.
पण पोलिसांना कळवाच.
मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ हेच सांगतं:
जखमीला उपचार, पोलिसांना खबर.
विमा कंपनीलाही कळवा.

पुन्हा सांगते, आधी माणूस.

मग फोटो काढा. नंबरप्लेट दिसू द्या.
ॲपवरच्या चालू ऑर्डरचा स्क्रीनशॉट ठेवा.
कामावर होतात, याचा तो पुरावा.

"इथंच मिटवू" म्हणणारे भेटतातच.
घाई करू नका.
मुका मार रात्री ठणकतो.
डॉक्टरांना दाखवा, केसपेपर जपून ठेवा.