मिसची नोकरी

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात बीड येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘असंघटित क्षेत्रातल्या स्त्रिया’ असा विषय मला दिलेला आहे. आपल्या जिल्ह्यात हा विषय निघाला की बोलणं ऊसतोडीकडे जातं, आणि ते जायलाच हवं. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा बीडचं नाव देशभर झालं. आज मात्र मी हातात कोयता नसलेल्या बाईविषयी बोलणार आहे. तिच्या हातात खडू आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, अंगावर शाळेने ठरवून दिलेल्या रंगाची साडी आहे. ती साडी तिने स्वतःच्या पैशाने घेतली आहे.

मराठी शाळेत आपण शिक्षिकेला ‘बाई’ म्हणायचो, पुढे ‘मॅडम’ म्हणायला लागलो. इंग्रजी शाळेत ती दोन लेकरांची आई असली तरी ‘मिस’ असते. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, अगदी शिरूर कासारसारख्या ठिकाणीही आता खाजगी इंग्रजी शाळा आहेत आणि त्यांच्या पिवळ्या गाड्या सकाळी सातला वस्त्यांवर फिरतात. या शाळा कुणाच्या जिवावर चालतात? डी.एड., बी.एड. झालेल्या आपल्या मुली-सुनांच्या. २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबवली, ती वर्षानुवर्षं नीट सुरू झालीच नाही. २०१७ साली ‘पवित्र’ पोर्टल आलं, परीक्षा झाल्या, तारखा पुढे गेल्या. तोवर या मुलींची लग्नं झाली, मुलं झाली. पदवी कपाटात, आणि घरात पैशाची ओढ. मग गावातली इंग्रजी शाळा हीच नोकरी.

आमच्या सल्ला केंद्रात दर एप्रिल-मेमध्ये एक प्रश्न हमखास येतो. ‘ताई, अमुक शाळेत बोलावलंय, शाळा चांगली आहे का?’ प्रश्न साधा वाटतो, पण कोण काय विचारतं ते पाहा. सासरे विचारतात, शाळा किती लांब आहे, स्टाफमध्ये बायकाच आहेत ना. नवरा विचारतो, दुपारी किती वाजता सुटते. सासूबाई विचारतात, डबा करून जाशील ना. पगार किती, तो कसा मिळतो, दिवस गेले तर काय, हे विचारलं जात नाही. ‘बायकांना साजेशी नोकरी’ या शब्दांत सगळं झाकलं जातं. मला तर वाटतं, संस्थाचालकांना हा शब्द फार आवडतो. साजेशी म्हटलं की स्वस्तात मिळते.

आणि शाळा चांगली की वाईट हे आपण ठरवतो कशावरून? इमारतीवरून, स्नेहसंमेलनावरून, दहावीच्या निकालाच्या फलकावरून. पालक म्हणून ते ठीक असेल. पण शाळा हे मालकाचं ठिकाणही आहे, आणि मालक कसा आहे हे फलकावर लिहिलेलं नसतं.

मी विचारणाऱ्या बाईला आधी एवढंच सांगते, की गेल्या दोन-तीन वर्षांत ही शाळा सोडून गेलेल्या मिस शोध आणि त्यांच्या घरी जाऊन चहा पी. आत काम करणारी खरं बोलणार नाही, तिला उद्या तिथेच जायचं आहे. सोडून गेलेली बोलते. शेवटचा पगार मिळाला का, मूळ गुणपत्रिका परत मिळाल्या का, हे तिला विचार. एकाच शाळेतून दरवर्षी पाच-सहा जणी जात असतील तर नवीन इमारत कितीही चकचकीत असो, काय समजायचं ते समज.

गुणपत्रिकेचं वेगळं सांगते. मूळ प्रमाणपत्रं ‘तपासणीसाठी’ म्हणून ठेवून घ्यायची आणि परत द्यायची नाहीत, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आखाती देशांतल्या भारतीय शाळांत नोकरीला जाणाऱ्या मुलींना आपण बजावतो, बाई गं, पासपोर्ट कुणाच्या ताब्यात देऊ नकोस, व्हिसा नोकरीचाच आहे ना ते बघ, करार हातात आल्याशिवाय विमानात बसू नकोस. तिथे परका देश म्हणून आपण सावध असतो. माजलगावात मात्र ‘आपलेच साहेब आहेत, ओळखीचे आहेत’ म्हणून सगळे कागद देऊन येतो. ओळखीच्या मालकाकडून करार मागायला जीभ रेटत नाही, हे मला कळतं. पण मागावा लागतो.

कारण कायदा आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. तो अनुदान घेणाऱ्या शाळांना लागू आहे तसाच अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळांनाही आहे. १९८१ च्या नियमावलीत नियुक्तिपत्राचा नमुनाच छापून दिलेला आहे. कायम रिक्त जागेवर नेमलेल्या कर्मचाऱ्याचा परिवीक्षा काळ दोन वर्षांचा, तो समाधानकारक पार पडला की ती कायम. म्हणूनच अनेक शाळा नियुक्तिपत्र देत नाहीत, किंवा अकरा महिन्यांचं देतात. एप्रिलअखेर ‘तुमचं काम संपलं’, जूनमध्ये ‘या परत’. मधल्या मे महिन्याचा पगार वाचतो आणि सलग सेवाही तुटते. अशा कित्येक जणी वर्षानुवर्षं शिकवतात आणि कागदोपत्री दर जूनला नव्याने रुजू होतात.

याच कायद्याचं कलम ७ तुम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं मला वाटतं. राजीनामा द्यायचा तर तो दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत नोंदणी टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. इतकं सविस्तर का लिहिलं असेल? कारण रुजू होतानाच तारीख नसलेल्या राजीनाम्यावर, नाही तर सरळ कोऱ्या कागदावर सही घेण्याचा प्रकार होतो. मिसने तोंड वर केलं की तो कागद बाहेर येतो. तशी सही मागणारी शाळा चांगली नाही. त्यापुढे आणखी चौकशी करायची गरज मला वाटत नाही.

कामावरून काढलं तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. तीस दिवस म्हणजे फार थोडे. आपल्या बायका त्यातले पंधरा रडण्यात आणि पंधरा घरच्यांची समजूत काढण्यात घालवतात.

पगाराचं बोलू. पगार बँकेत जमा होतो का, हा प्रश्न आता पुरेसा राहिलेला नाही. जमा होतो आणि त्यातला निम्मा रोखीने परत द्यावा लागतो, अशा तक्रारी आमच्याकडे येतात. काही ठिकाणी एटीएम कार्डच कार्यालयात असतं. त्यामुळे विचारायचं ते हे, की जमा झालेला पैसा तुझ्याच हातात राहतो का. मला पगाराच्या आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं. आकडा कमी असेल तर भांडता येतं. खोट्या आकड्यावर तू स्वतःच सही केलेली असेल तर भांडण सुरू करणंच अवघड होतं. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेला भविष्यनिर्वाह निधी लागू आहे. पगारातून कापलेला पैसा खात्यात पोहोचला का, हे आता मोबाईलवर पाहता येतं, ते दर तिमाहीला पाहावं.

बाळंतपणाच्या वेळी मालकाची खरी ओळख पटते. पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने आली. २०२५ च्या नोव्हेंबरपासून कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही ती तशीच आहे. पण सहाव्या-सातव्या महिन्यात ‘मुलं घाबरतील, पालकांना बरं दिसत नाही’ असं सांगून बाईला घरी बसवतात आणि तिची जागा भरून टाकतात. ३ जानेवारीला याच शाळेत सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतात, त्यांच्यावर मिसलाच भाषण करायला लावतात. तिचा डिसेंबरचा पगार अजून झालेला नसतो.

शिक्षिका ‘कामगार’ आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. गोव्यातल्या कारंझाळे इथल्या एका मिशनरी शाळेतून काढलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली निर्णय झाला, की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक कामगार नाहीत. अध्यापन हे पवित्र कार्य, असा त्याचा सूर. पवित्र म्हटल्यामुळे कामगार न्यायालयाचं दार बंद झालं. ग्रॅच्युइटीतही शिक्षकांना बाहेर ठेवलं गेलं होतं. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली, खाजगी शाळांनी तिला आव्हान दिलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. पाच वर्षं सलग सेवा झालेल्या मिसने शाळा सोडताना हे मागायचं असतं. मे महिन्याची ती सुट्टी किती महागात पडते ते आता ध्यानात येईल.

मार्च २०२५ मध्ये केज तालुक्यातल्या एका विनाअनुदानित आश्रमशाळेच्या शिक्षकाने बीड शहरात आत्महत्या केली. अठरा वर्षं पगाराविना काम केल्याचं त्याने जाण्यापूर्वी समाजमाध्यमावर लिहिलं होतं. जिल्हा हादरला. तो पुरुष होता, कुटुंबाचा कर्ता होता, म्हणून त्याचा पगार नसणं लोकांना दिसलं. मिसचा पगार नसणं दिसत नाही, कारण तो ‘वरखर्चाचा’ समजला जातो. नवऱ्याने टाकलेली, विधवा, एकटीवर घर चालवणारी मिस दर शाळेत एक-दोन तरी असते. तिच्या बाबतीतही तेच समजतात.

छळाबद्दल थोडंच बोलते, कारण त्यावर उद्या स्वतंत्र सत्र आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी. आपल्याकडे अनेकदा मुख्याध्यापिका संस्थाचालकांच्या घरातलीच असते, मग समितीवर कोण बसणार ते सांगायला नको. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे बहुतेक मिसना माहीत नसतं.

आता आपल्याकडे येते. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणींची मुलं इंग्रजी शाळेत आहेत. फी वाढली की आपण पालकसभेत बोलतो. त्या सभेत, सगळ्यांसमोर, ‘आमच्या मुलांच्या मिसला मे महिन्याचा पगार मिळतो का’ हे विचारून पाहा. मिस स्वतः विचारू शकत नाही, फी भरणारी आई विचारू शकते. तिला कामावरून काढता येत नाही. मोर्च्यापेक्षा हे सोपं आहे आणि मालकाला जास्त टोचतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरं, प्रत्येक तालुक्याच्या गटाने एक वही करावी. शाळा सोडून गेलेल्या मिसशी बोलून शाळेनिहाय लिहायचं: नियुक्तिपत्र दिलं का, कागद परत केले का, मे महिना, बाळंतपण, शेवटचा पगार. सांगणारीचं नाव लिहायचं नाही. ही वही छापायची नाही, कुठे वाटायची नाही. विचारायला आलेल्या मुलीला समोर बसवून वाचून दाखवायची. अंबाजोगाईच्या मैत्रिणींनी सुरुवात करायचं कबूल केलं आहे.

जेवणानंतर आपण नियुक्तिपत्रं वाचायला बसू. ज्यांच्याकडे असतील त्यांनी काढून ठेवा. ज्यांना कधी मिळालंच नाही त्यांनी बँकेचं पासबुक आणि शाळेचं ओळखपत्र आणा. नोकरीला होता हे सिद्ध करायला तेही चालतं.