लडाखच्या डोंगरात एक दिवस

आमच्या बचत गटातल्या आम्ही नऊजणी लडाखला जाऊन आलो. तिथल्या एका दिवसाची गोष्ट आज सांगतो.

लडाख म्हणजे उंचावरचं थंड वाळवंट. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. आपल्या दुष्काळी तालुक्यातही याच्या कितीतरी पट पडतो. लेह शहर साडेअकरा हजार फुटांवर, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथं हवा विरळ, चार पायऱ्या चढलं तरी धाप लागते. म्हणून पहिले दोन दिवस नुसता आराम केला.

तिसऱ्या दिवशी लिकिर गावातून यांगथांगच्या वाटेनं चालायला निघालो. वाट दाखवायला तिथलीच एक ताई होती. पूर्वी तिकडे हे काम बहुतेक पुरुषच करत. थिनलास चोरोल या लडाखी बाईंनी २००९ साली बायकांनीच चालवलेली पर्यटन कंपनी काढली. आता तिकडच्या कितीतरी मुली गाईड म्हणून काम करतात.

लिकिरमध्ये आमचे पाय थबकले ते पाटापाशी. वरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी पाटानं शेतात येतं. लहान तळ्याला तिकडे 'झिंग' म्हणतात. आम्ही हसलो, तर ताईलाही हसू आलं. पाणी कुणाला कधी द्यायचं हे 'चुरपोन' बघतो. गावानं नेमलेला माणूस, म्हणजे आपला पाटकरीच. तो पाळी ठरवतो आणि त्या थेंबांवर सातू, वाटाणा पिकतो. आजूबाजूला उघडे डोंगर आणि मधेच हिरवा तुकडा. पाणी थोडं असलं तरी वाटून घेतलं की पुरतं, हे तिथं डोळ्यांनी दिसलं.

खिंडीच्या अर्ध्या चढावर आमच्यातल्या एका काकूंचं डोकं ठणकायला लागलं, मळमळू लागलं. त्या म्हणाल्या, "थोडंच राहिलंय, चला." आम्हालाही वाटलं, एवढे पैसे जमवून आलो, खिंड तरी बघू. ताईनं मात्र काठी जमिनीत रोवली. "डोकं दुखत असताना वर जायचं नाही. दुखणं वाढलं तर खालीच उतरायचं." ती एकटीच वाटाडी, म्हणून सगळ्याच परतलो. दोघी कुरकुरल्या. गाडीनं निम्मूला आणखी खाली उतरलो, तशी काकूंना हुशारी आली.

निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कार नद्यांचा संगम आहे. दोन रंगांचं पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतं. काकू तिथं दगडावर बसून गरम पाणी पीत होत्या. कुरकुरणाऱ्या दोघी त्यांचे पाय दाबत होत्या.

मैत्रिणींनो, तुमचा गट जाणार असेल तर इतकं करा. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिले दोन दिवस आराम करा. पाणी भरपूर प्या. सगळ्यांत हळू चालणारीला पुढे ठेवा आणि तिच्या चालीनं चाला. डोकं दुखलं तर लपवू नका, लगेच सांगा. आणि वाटाड्या 'परत फिरा' म्हणाला, तर वाद न घालता परत फिरा. खिंड पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे.

तिकडे भेटताना आणि निरोप घेताना 'जुले' म्हणतात. तर मग, जुले!